युरोपची रंगीत तालीम

युरोपात जाण्याआधीच मी युरोपात जाऊन आले होते, आणि तेही अमेरिकेत. हे वाचून कोणाला माझ्या वयाची शंका आली असेल तर त्यानं जरा दम धरावा. माझं डोकं ठिकाणावर आहे. ज्यांचं नव्हतं ते सगळे यथावकाश येतीलच.

मी नागपूरला पाटबंधारे खात्यात आरेखक होते. साहेबांनी ठरवलेले कालवे कागदावर काढायचे, हे माझं काम. त्यातले बरेचसे कालवे पुढे कागदावरच राहिले, पण तो माझा दोष नाही. मी रेघ सरळच मारली होती. ऑफिसात माझ्या टेबलासमोर एक जुनं कॅलेंडर होतं. त्यावर ॲम्स्टरडॅमचं चित्र होतं: भर गावातून जाणारा कालवा आणि काठावर खुर्ची टाकून कॉफी पीत बसलेली एक बाई. आमच्या खात्याच्या कालव्यावर असं कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. बसलंच तर म्हशी धुणारे उठवतील. वर्ष उलटून गेलं तरी ते कॅलेंडर मी कोणाला काढू दिलं नाही, आणि निवृत्त झाले तेव्हा ठरवूनच टाकलं की एकदा तरी तिथे जाऊन बसायचं. एकटीनं. टूर कंपनीची टोपी घालून चाळीस लोकांबरोबर नाही.

माझा मुलगा निखिल बॉथेलला असतो, सिएटलच्या शेजारी. गेली काही वर्षं त्याला घरी येणं जमलं नव्हतं, म्हणून मीच त्याच्याकडे तीन महिने राहायला गेले. परतीचं विमान ॲम्स्टरडॅमला बदलायचं होतं. तिथे चार दिवस उतरायचं आणि मग पुढे निघायचं, एवढी साधी माझी योजना. तिथला व्हिसा मी निघण्याआधीच काढून ठेवला होता, कोणाला न सांगता. निखिलला सांगितलं तेव्हा तो पोळी खात होता. घास हातातच राहिला.

"आई, एकटी? काहून पण?" बाकी वेळ तो ऑफिसचं बोलतो, पण घाबरला की त्याच्या तोंडून नागपूर बाहेर पडतं. त्याची बायको प्राची पुण्याची. ती म्हणाली, "जाऊ दे ना यार, आई मॅनेज करतील." त्यावर त्यानं तिच्याकडे असं पाहिलं की तिनं मुकाट्यानं आमटी वाढायला घेतली.

निखिलचं काम टेस्टिंगचं. कंपनीनं बनवलेली कुठलीही गोष्ट लोकांच्या हाती पडण्याआधी ती मोडते का हे बघायचं, चुकीची बटणं दाबायची, भलतंसलतं टाइप करायचं. लहानपणी तो घड्याळं उघडून बसायचा तेव्हा मी धपाटे घालायचे. आता त्याच कामाचा त्याला पगार मिळतो. ही सवय घरातही सुटत नाही. नवा कुकर आणला तर आधी नुसतं पाणी घालून शिट्ट्या काढतो. तिसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, डायरेक्ट प्रॉडक्शनमध्ये नाही जायचं," तो म्हणाला. "आधी टेस्ट एन्व्हायर्नमेंटमध्ये रन करून बघू."

त्यांच्या धंद्यात म्हणे खऱ्या ठिकाणाला प्रॉडक्शन म्हणतात आणि हुबेहूब तसंच खोटं ठिकाण बनवतात त्याला टेस्ट एन्व्हायर्नमेंट. ॲम्स्टरडॅम हे प्रॉडक्शन. आणि खोटा युरोप बॉथेलहून अडीच तासांवर, डोंगरापलीकडे, तयारच होता. तिथे एक अख्खं गाव जर्मनीसारखं बांधलेलं आहे. मी बसनं एकटीनं तिथे जायचं, हॉटेल शोधायचं, जेवायचं, गाव बघायचं, एक रात्र राहायचं आणि दुसऱ्या दिवशी बसनं परत यायचं. फोन फक्त इमर्जन्सीला. हे नीट जमलं तर तो ॲम्स्टरडॅमला काही बोलणार नाही. हरवले तर फेल.

मी हो म्हटलं. खरं तर याच पोराला मी बालवाडीत पहिल्या दिवशी रडत सोडून आले होते, आणि आता तो माझी परीक्षा घेणार होता. पण खोटा का होईना, युरोप बघायला मिळत होता.

डोंगरापलीकडे

घाटातला बसचा प्रवास सांगण्यासारखा नाही. देवदाराची झाडं आणि माझी झोप, दोन्ही भरपूर होती. सप्टेंबर संपत आला होता, त्यामुळे मधूनमधून एखादं झाड पिवळं झालेलं दिसायचं. मग दरी उघडली, चारी बाजूंनी उंच डोंगर आले आणि बस एकदम जर्मनीत शिरली.

उतरती छपरं, लाकडी सज्जे, सज्ज्यांत लाल फुलांच्या कुंड्या, भिंतींवर रंगवलेले शिकारी आणि गवळणी. एवढं एखाद्या गल्लीत असतं तर मी समजू शकले असते. पण इथे पेट्रोल पंपालाही सज्जा होता आणि त्यातही फुलं होती. बँक, मोबाईलचं दुकान, दातांचा दवाखाना, सगळ्यांच्या पाट्या जुन्या वळणदार जर्मन अक्षरांत. अक्षरं काढण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे पाट्या मी तपासूनच घेतल्या. दातांच्या दवाखान्याचं अक्षर उत्तम होतं. बँकेनं घाई केली होती.

चौकात चामड्याची अर्धी चड्डी आणि पिसाची टोपी घातलेले एक आजोबा अकॉर्डियन वाजवत होते. ते थांबल्यावर मी विचारलं, जर्मनीत कुठले तुम्ही. ते म्हणाले, मेक्सिकोचे. बाजा त्यांच्या आजोबांचा. तिकडच्या लग्नांत वाजतो आणि इकडे बिअरबरोबरही चालतो, फक्त चड्डी बदलावी लागते. त्यांनीच मला गावाची कथा सांगितली. पूर्वी इथे लाकडाची गिरणी होती. मग रेल्वेनं वाट बदलली, गिरणी बंद पडली आणि गाव ओस पडायला लागलं. तेव्हा गावकऱ्यांनी मीटिंग घेऊन ठरवलं की आपण आता जर्मन व्हायचं. कोणा जर्मन माणसाला विचारलं होतं का, ते आजोबांना माहीत नव्हतं. आमच्याकडे बसस्टॉपचं नाव बदलायचं म्हटलं तरी मोर्चे निघतात. इथे अख्ख्या गावानं जगण्यासाठी देश बदलला, आणि मला ते गाव तिथल्या तिथे आवडून गेलं.

हॉटेल मी न विचारता शोधलं, हे नोंदवून ठेवते. आत काउंटरवर जर्मन वेषातल्या मालकीणबाई उभ्या होत्या: घेरदार झगा, वर कशिद्याची घट्ट बंडी, आत फुग्यांच्या बाह्या आणि कपाळावर टिकली. हंसाबेन, मूळच्या नवसारीच्या. मी इतकी बघत राहिले की त्याच बोलल्या, "क्या करें बेन, यहाँ बालकनी जर्मन चाहिए, बोर्ड जर्मन चाहिए, मैं भी जर्मन चाहिए. सिर्फ दाल अपनी है."

किल्ली देताना त्यांनी सांगितलं की माझ्यासाठी सकाळपासून चार फोन आले, बाई पोचल्या का विचारायला. मी म्हटलं, माझा मुलगा असेल, काळजी करतो. हंसाबेन म्हणाल्या, "चारों आवाज़ अलग थी. एक तो लेडीज़ थी." मी हसण्यावारी नेलं. तेवढी एक चूक माझ्याकडून झाली.

सगळा योगायोग

दुपारी जेवायला एका तळघरात गेले. सॉसेज मागवलं. ते आलं ते ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर. बरोबर आंबवलेल्या कोबीचा ढीग आणि एक पिवळी मोहरीची चटणी, जी जिभेला काही करत नाही पण नाकातून थेट मेंदूत जाते. सावजी रश्श्यावर वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत असं मोहरीनं पाणी यावं याचं मला वाईट वाटलं. पण सॉसेज झकास होतं.

समोरच्या टेबलावर एक गृहस्थ मेनूकार्ड तोंडासमोर धरून बसले होते. वेटर येऊन जायचा तरी कार्ड खाली होईना. वर पिसाची कोरी करकरीत टोपी, पिसाला किमतीचं लेबल लोंबत होतं. मी उठून पाणी घ्यायला गेले तेव्हा कार्ड माझ्या दिशेनं वळलं. मग मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"जय भीम, ताई," कार्डामागून आवाज आला. "योगायोग बघा."

ते राऊत सर होते, यवतमाळचे निवृत्त मुख्याध्यापक. लेकीच्या बाळंतपणासाठी बायकोबरोबर बॉथेलला आलेले. सिएटलच्या आसपास आपल्या लोकांचा एक ग्रुप आहे. जयंतीचा कार्यक्रम, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोणाचं बाळ, कोणाचा विकायचा सोफा, सगळं त्यावर चालतं. तिथल्याच एका कार्यक्रमात मी सरांना पाहिलं होतं. ते म्हणाले, जर्मन संस्कृतीकडे माझा पूर्वीपासून ओढा आहे. टोपी त्यांना कानांपर्यंत येत होती.

मी बाहेर पडले तर दाराशी एक मुलगी. स्नेहल, पुण्याची, सॉफ्टवेअरमध्ये. तिनंही जय भीम घातला, तीही योगायोगानं आली होती. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते, आणि ती म्हणाली, "मावशी, दुपारची बीपीची गोळी घेतली ना?"

मग मी तिला बाकावर बसवलं. बिचारी दोन मिनिटांत सगळं बोलली. निखिलनं ग्रुपवर टाकलं होतं की आई एकटी जातेय, कोणी त्या बाजूला असेल तर जरा लांबून लक्ष ठेवा, तिला कळू देऊ नका. त्या बाजूला कोणीच नव्हतं, म्हणून सगळे त्या बाजूला आले. चार गाड्या भरून. एका कुटुंबानं पातेलंभर पुलाव आणला होता, मावशींना तिकडचं जेवण चालेल न चालेल म्हणून.

मला संताप आला. लबाडी निखिलची होती. या लोकांना काय बोलणार? सुट्टीचा दिवस मोडून, घाट चढून, एका अनोळखी बाईच्या गोळीसाठी आले होते. आपली माणसं अशीच आहेत. आजारी पडा, दारात उभी राहतील. बरे असाल तर आजारी पडेपर्यंत थांबतील. मी सगळ्यांचे आभार मानले, पुलाव खाल्ला आणि हात जोडून सांगितलं की आता मला एकटीला फिरू द्या. ते सगळे लगेच हो म्हणाले.

आणि माझ्यामागून वीस पावलांवर चालायला लागले. मी थांबले की सगळे थांबायचे आणि जवळच्या दुकानाच्या काचेत बघायचे. मी वळले की वळायचे. एकदा ते सगळे मिळून बराच वेळ एका बंद केशकर्तनालयात बघत होते. थोड्या वेळानं मागे पाहिलं तर रांगेत एक अमेरिकन म्हातारा-म्हातारीही आली होती. म्हातारीनं पुढे येऊन मला विचारलं, पुढचा थांबा कुठला. त्यांना मी गाइड वाटले होते.

तेव्हा मात्र मी ठरवलं की हे पुरे. चौकात एक मोठं दुकान होतं, नुसत्या लाकडी बाहुल्यांचं. राजे, शिपाई, खलाशी, आणि प्रत्येकाचा जबडा असा की त्यात अक्रोड घालून फोडायचा. आपल्या अडकित्त्याला दाढी लावावी तसे दिसत होते. मी पुढच्या दारानं आत शिरले. आमचे लोक आत येऊन बाहुल्यांचे जबडे हलवून बघायला लागले, आणि मी मागच्या दारानं बाहेर पडून फोन बंद केला.

नदी

गावाच्या मागून नदी वाहते. काठानं पायवाट, दोन्ही बाजूंना झाडं, आणि पाणी इतकं स्वच्छ की तळाचा एकेक दगड मोजून घ्यावा. तिथे जर्मनी नव्हती आणि अमेरिकाही नव्हती. मी एका खडकावर बसले. आयुष्यभर पाण्याला कुठून न्यायचं ते कागदावर ठरवत आले. हे पाणी कोणालाही न विचारता चाललं होतं.

मी एकटी होते. लग्नाआधी घर, मग सासर, मग ऑफिस, मग आजारी नवरा. कधी असं झालंच नव्हतं की मी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरात एकटी असते, पण ते वेगळं. घरातलं एकटेपण माझ्यावर येऊन पडलं होतं, आणि हे मी दुकानाच्या मागच्या दारानं मिळवलं होतं. मला फार आनंद झाला. मी चपला काढल्या, पाय पाण्यात घातले आणि एक जुनं गाणं मोठ्यानं म्हटलं, माझा आवाज चांगला नाही तरी.

गाणं संपतंय तोच धप्पकन आवाज झाला. वरच्या अंगाला, वळणावर, राऊत सर नदीत बसले होते.

पाणी गुडघाभरच होतं, पण सर बसल्यामुळे ते छातीपर्यंत आलं होतं. टोपी निघून चालली होती, पीस वर करून, ऐटीत. सरांना उठता येत नव्हतं. दगड शेवाळलेले, बूट नवे. मी सलवार खोचली, पाण्यात उतरले, ओढणीचं एक टोक त्यांच्या हाती दिलं आणि दुसरं झाडाला गुंडाळून ओढलं. दुसऱ्या झटक्याला सर वर आले.

"तुमच्यावर लक्ष ठेवायला आलो होतो, ताई," ते म्हणाले.

"दिसतंय," मी म्हटलं.

त्यांचा फोन भिजून बंद पडला होता, पाय मुरगळला होता आणि चष्म्याची एक काच कुठेतरी जर्मनीत राहिली होती. मी त्यांना खांद्याचा आधार दिला आणि आम्ही हळूहळू गावाकडे निघालो. वाटेत त्यांनी मला नदीकाठानं एकटं फिरणं किती धोक्याचं असतं ते समजावून सांगितलं.

सत्कार

इकडे गावात काय झालं ते मला नंतर कळलं. बाहुल्यांच्या दुकानात मी दिसेना म्हणून आमचे लोक घाबरले. फोन लागेना तेव्हा जास्तच घाबरले. त्यांनी निखिलला कळवलं, आणि मग बागेतल्या स्टेजवर बँड वाजत होता त्याच्या मुख्याला जाऊन सांगितलं. आम्ही दोघं बागेत पोचलो तेव्हा बँड थांबला होता आणि चामड्याच्या चड्डीतला तो मुख्य माइकवर माझं वर्णन सांगत होता: भारतीय आजी, निळा कुर्ता, रक्तदाब. शे-दोनशे माणसं बिअरचे ग्लास खाली ठेवून झाडांमागे बघत होती.

तेवढ्यात मी दिसले, आणि माझ्याबरोबर ओलेचिंब राऊत सर. बघणारे समजायचं ते समजले: सरांनी मला नदीतून काढलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणीतरी सरांच्या गळ्यात दोरीला ओवलेला मोठा खारा पाव अडकवला, कोणी अंगावर घोंगडी टाकली, आणि दोघांनी त्यांना उचलूनच स्टेजवर नेलं. तिथे त्या चड्डीवाल्यानं एक घोडचूक केली. त्यानं यवतमाळच्या निवृत्त मुख्याध्यापकाच्या हातात माइक दिला.

मला वाटतं, सर खरं सांगायलाच उभे राहिले होते. पण त्यांनी सुरुवात केली ती "रिस्पेक्टेड डायस" अशी. मग त्यांनी व्यासपीठावरच्या एकेकाचा नामोल्लेख केला, नावं माहीत नव्हती म्हणून वाद्यांवरून: रिस्पेक्टेड ट्रम्पेट, रिस्पेक्टेड ड्रम. मग स्त्री-शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. मग नदी आली. नदी कमरेपर्यंत झाली, पुढच्या वाक्याला गळ्यापर्यंत. एका वृद्ध भगिनीची हाक ऐकू आली. एका शिक्षकानं मागचा-पुढचा विचार केला नाही. शेवटी त्यांनी यजमान गावाचे, मंडपवाल्यांचे आणि उपस्थितांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपला असं स्वतःच जाहीर केलं. अमेरिकन लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन बायका रडल्या. वृद्ध भगिनी खाली उभी राहून ओढणी पिळत होती.

मी फोन सुरू केला आणि तो लगेच वाजला. निखिल होता. मी सुखरूप आहे हे कळल्यावर तो आधी रडला आणि मग चिडला. म्हणाला, हरवलीस ना शेवटी. काका नसते तर? टेस्ट फेल. आता स्नेहलच्या गाडीत बस आणि आजच घरी ये.

एका वाक्याचं काम होतं. सर हातभर अंतरावर उभे होते, गळ्यात पाव, भोवती फोटो काढून घेणारे लोक, चष्म्याच्या एकाच काचेतून चेहरा उजळलेला. मी ते वाक्य बोलू शकले नाही. माझं ॲम्स्टरडॅम डोळ्यांदेखत जात होतं आणि मला राग येत होता, त्यांचा, निखिलचा, माझासुद्धा. पण जमलं नाही. मी एवढंच म्हटलं की टेस्ट उद्या दुपारपर्यंत आहे आणि मी बसनंच येईन. फोन ठेवला.

गाड्या निघायच्या आधी सर लंगडत माझ्याजवळ आले. बराच वेळ पावाशी चाळा करत राहिले.

"माइक हातात आला की माझं असं होतं, ताई," ते म्हणाले. "लेकीकडे आल्यापासून नातवाला झोपवण्यापलीकडे मला कोणी काही सांगत नाही. इतके लोक ऐकून राहिले होते. मले थांबताच आलं नाही."

मी म्हटलं, भाषण छान झालं. ते खरंच छान झालं होतं. सगळे गेले आणि त्या गावात मी खरोखर एकटी राहिले, पण मनाला उभारी नव्हती. हंसाबेननी आपल्या स्वयंपाकघरात बोलावून दाल-भात वाढला. झग्याच्या बाह्या वर सारून त्या वाढत होत्या आणि मी जेवत होते.

बसस्टॉप

दुसऱ्या दिवशी उरलेलं गाव पाहिलं, निखिल आणि प्राचीसाठी आल्याची बिस्किटं घेतली आणि वेळेवर बस पकडून वेळेवर उतरले. निखिल गाडी घेऊन उभा होता. त्यानं बॅग मागे ठेवली, आत बसला, पण गाडी सुरू केली नाही.

"राऊत काकांचा सकाळी फोन आला होता," तो म्हणाला. "नदीतून कोणी कोणाला काढलं ते सांगितलं त्यांनी. अर्धा तास सांगत होते."

"मग?"

"मग काय. तू पास आहेस." आणि पुढे म्हणाला, "पण जाऊ नको, आई."

आता मात्र मी चिडले. म्हटलं, नापास झाले तरी नाही, पास झाले तरी नाही, मग घाटापलीकडे पाठवलंस कशाला? नुसता पुलाव खायला? तो स्टिअरिंगकडे बघत बसला. मग त्यानं सांगितलं, अगदी हळू आवाजात. त्याची कागदपत्रं अजून अडकलेली आहेत. या देशातून बाहेर पडला तर परत आत घेतील की नाही याचा भरवसा नाही. नोकरी, घर, प्राची, सगळं इथे.

"बाबा गेले तेव्हा सगळं मी फोनवर पाहिलं," तो म्हणाला. "नागपुरात तुझ्याजवळ निदान आपली माणसं आहेत. इथे मी आहे. तिथे तुला काही झालं, तर मला येता येणार नाही, आई. कोणालाच पाठवता येणार नाही."

दोन दिवस मी समजत होते की परवानगी याच्या खिशात आहे आणि हा देत नाहीये. त्याच्या खिशात काहीच नव्हतं. माझ्या पासपोर्टवर व्हिसा होता, मी वाटेल तिथे उतरू शकत होते. अडकला होता तो माझा मुलगा. एवढं मोठं घर, दोन गाड्या, आणि तो पोरगा कुठे जाऊ शकत नव्हता. मला इतकं वाईट वाटलं की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, दहावीनंतर पहिल्यांदाच. पण मी त्याला जाणार नाही असं म्हटलं नाही. मी म्हटलं, "मी जाऊन येते." मग त्यानं गाडी सुरू केली.

मी गेले. ॲम्स्टरडॅमला पहिल्या दिवशी सायकलवाल्यांनी मला दोनदा उडवता उडवता सोडलं आणि ट्राममध्ये मी उलट्या दिशेला बसले. त्याचं वर्णन पुढे कोणी विचारलं तर करीन. संध्याकाळी एका कालव्याच्या काठी खुर्ची मिळाली. ऊन उतरत होतं, पाण्यावर घरं हलत होती, एक लांबट होडी भाजीच्या पेट्या घेऊन चालली होती. ओळखीचं कोणी नव्हतं. कॉफी आली, मी ती प्यायले, आणि मग निखिलला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्याकडे सकाळ होती, तो नुकताच ऑफिसात पोचला होता. मी सुखरूप आहे हे त्यानं पाहिलं, मग मी फोन पाण्याकडे वळवला. कालवा कसा बांधलाय, काठाचा दगड कुठला असेल, झडपा कुठे असतील, मी सांगत सुटले. पलीकडून काही आवाज येईना. मला वाटलं कॉल तुटला, म्हणून मी फोन वळवून बघायला लागले.

"आई, हलवू नको ना," तो म्हणाला. "थोडा वेळ असाच धर."

मी धरला. होडी गेली, दुसरी आली, पलीकडच्या खिडक्यांत दिवे लागले. माझा हात भरून आला, मग मी तो दुसऱ्या हातानं धरला.